वस्तादांच्या खांद्यावरची झोळी

“म्हणजे मी रडलो नाही, हाच माझा गुन्हा का, बुवा?”

हिंदुराव वस्तादांनी हे उभ्यानंच विचारलं. मठाच्या ओट्यावर घोंगडं अंथरलेलं होतं, पण ते बसले नव्हते.

सोमगिरी बुवा नुकतेच नदीवरून आले होते. खांद्यावर भरलेली घागर, आणि घाटाच्या पायऱ्या तरण्या माणसासारख्या चढून आलेले. त्यांनी घागर उतरवली, तोंड पुसलं.

“गुन्हा कोण म्हणालं?”

“तालुक्याचा डॉक्टर. पहाटे दचकून जाग येते, छाती धडधडते, घास उतरत नाही, म्हणून गेलो. त्यानं तपासलं नि म्हणाला, काळीज ठणठणीत आहे, दुखणं मनाचं आहे. बायको गेल्याचं दुःख आत कोंडलंय आणि त्यावर हा दिवाळीचा सण आलाय. कुणाजवळ तरी बोला, रडा.”

“मग?”

“मग काय? उठून आलो. मनाचं दुखणं, आणि मला?”

“डॉक्टर शहाणा दिसतोय,” बुवा म्हणाले.

वस्तादांच्या मिशा थरथरल्या. पंचक्रोशीत त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. त्यांच्या तालमीतली पोरं दूरदूरची मैदानं मारून येत, आणि दिवाळीत त्यांच्या घरचं ताट गेलं नाही असं गल्लीत घर नसे. ती ताटं त्यांची बायको तानूबाई भरत. वस्ताद ती मिरवत नेऊन देत.

तानूबाई श्रावणात गेल्या.

घरात माणूस गेलं की त्या वर्षी दिवाळीची कढई चढत नाही. शेजारीपाजारी फराळ आणून देतात. तशी गल्लीतली माणसं डबे घेऊन आली होती. वस्तादांनी ते उंबऱ्यावरूनच परत धाडले.

“हिंदुरावानं आजवर दिलंय. घेतलेलं नाही.”

आणि सुनेला, शालनला म्हणाले, “कढई ठेव. दरवर्षीसारखं सगळं व्हायला पाहिजे.”

सगळं झालं. ताटं गल्लीत गेली. घरात मात्र कुणी तुकडा मोडला नाही.

“आज सकाळी शालन चुलीपाशी डोळे पुसत होती,” वस्ताद सांगू लागले. “मी ओरडलो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हे काय? तर म्हणाली, मामंजी, ह्या घरात रडायलाही बंदी असेल तर मी लेकराला घेऊन आईकडे जाते. पिशवी भरून ठेवलीय तिनं. लेक माझा खाली मान घालून बसलाय.” ते थांबले. “घर रिकामं व्हायला लागलंय, बुवा. आणि मी तर सगळं सरळ चालवलंय.”

“…तालमीत नवं पोर आलं की आधी काय शिकवता?”

“पडायला.”

“का बरं?”

“पडायला न शिकलेलं पोर हात मोडून घेतं.”

“हं.”

वस्तादांना राग आला.

“ते पोरांचं झालं! मी वस्ताद आहे.”

“वस्तादच आहात. कोण नाही म्हणतंय?” बुवा कण्हत खाली बसले आणि त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला. “एक काम करा. माझा गुडघा धरलाय. आज भिक्षेला तुम्ही जा.”

वस्तादांनी घाटाच्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग घागरीकडे. मग गुडघ्याकडे.

“आत्ता तर…”

“आत्ताच धरला.”

मठात चूल नव्हती. झोळीत येईल तेच बुवा खात. त्यांनी खुंटीवरची भगवी झोळी काढली आणि वस्तादांच्या रुंद खांद्यावर अडकवली.

“दारात उभं राहून एकदा ‘माई’ म्हणायचं. मिळेल ते घ्यायचं. झोळीत पडलेलं परत करायचं नाही.”

“कुठल्या गल्लीत जाऊ?”

“तुमच्याच.”

वस्ताद छाती काढून निघाले. बुवांचं काम आहे, आपलं नाही, असं स्वतःला बजावत. रस्त्यात माणसं थबकली. मारुतीच्या पारावरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “अरे, वस्तादांनी संन्यास घेतला की काय?” वस्तादांनी तिकडे बघितलं नाही.

पहिलंच दार काशाक्काचं. काशाक्का एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तानूबाईंची जिवाभावाची शेजारीण. परत धाडलेल्या डब्यांतला पहिला डबा तिचाच.

वस्ताद दारात उभे राहिले.

ज्याच्या शड्डूनं मैदान हादरायचं, त्याच्या तोंडातून ते दोन अक्षरांचं ‘माई’ निघेना. परत फिरावं असं वाटलं… पण झोळी खांद्यावर होती.

“माई.”

काशाक्का बाहेर आली. आधी झोळी बघितली, मग माणूस.

“अगं बाई! दाजी? आमच्या घरचं आज चालतंय व्हय?”

“बुवांसाठी आहे.”

“ते दिसतंय. परवा डबा उंबऱ्यावरून परत केलात. तुमच्या दारात येऊन भांडले नाही, ती तानूची लाज राखली म्हणून.” तिनं कमरेवर हात ठेवले. “तुम्हीच तेवढं द्यायचं जन्मभर? आम्हाला हात नाहीत?”

वस्तादांनी खांद्यावरची झोळी सावरली.

“आमचा माणूस गेला त्या दिवाळीला माझ्या घरी कढई नव्हती. तेव्हा ताट कुणी आणलं होतं? तानूनं. मी घेतलं, दाजी. मान खाली घालून नव्हे. ताठ मानेनं घेतलं. तिच्या गळ्यात पडून रडले आणि मग पोटभर जेवले.”

ती आत गेली, ताट घेऊन आली. लाडू, चिवडा, करंज्या, सगळं झोळीत घातलं. एक कडबोळं तेवढं हातात ठेवून घेतलं.

“झोळी बुवांची. हे तुमचं आहे. नको असेल तर नाही म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही.”

वस्तादांनी कडबोळ्याकडे पाहिलं. जोडावर अंगठा दाबलेला होता, किंचित तिरका. तानूबाई असाच दाबायच्या. जोड सुटत नाही, म्हणायच्या.

“हे वळण…”

“तिनंच शिकवलं मला. मग कुणाचं असणार?”

वस्तादांनी हात पुढे केला. हा हात आजवर वरूनच खाली यायचा, ताट द्यायला, पोरांच्या पाठीवर थाप मारायला. आज तळहात आभाळाकडे झाला. काशाक्कानं त्यावर कडबोळं ठेवलं.

वस्ताद उंबऱ्यावर बसले. लोक येत-जात होते, तिथेच, भर गल्लीत. एक घास मोडला आणि त्यांना हुंदका फुटला. मोठा, अंगणभर ऐकू जाईल असा. काशाक्का शेजारी येऊन बसली. तिनं गप्प करायचा प्रयत्न केला नाही.

उन्हं वर आल्यावर वस्ताद मठात परतले. डोळे लाल होते, पण चाल तीच होती, पैलवानाची. आता मात्र ते आपण होऊन घोंगड्यावर बसले.

बुवांनी झोळीत पाहिलं नाही.

“हात बघू.”

वस्तादांनी तळहात उघडला. तेलाचा ओशटपणा आणि चिकटलेले तीळ.

“अर्धं शालनला नेऊन दिलं,” वस्ताद म्हणाले. “तिनं अंगठ्याची खूण ओळखली. दोघं चुलीपाशी बसून रडलो. मग लेकही आला. नातू म्हणाला, आजोबा, तुम्हाला रडता येतं?”

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, येतं. हे पण शिकवीन तुला.”

बुवा हसले.

“पिशवी?”

“तिनं रिकामी केली.”

वारा सुटला. नदीवर कुणीतरी नव्या पणत्या पाण्यात भिजवत होतं. वस्ताद बराच वेळ तिकडे बघत राहिले. त्यांना अजून काहीतरी विचारायचं होतं. सकाळपासून विचारायचं होतं. श्रावणापासूनच विचारायचं होतं.

“बुवा…”

“हं.”

“उद्या पाडवा. दरवर्षी ती पाट मांडायची, अंगाला तेल लावायची, ओवाळायची. आजवर एक पाडवा चुकला नाही. उद्या सकाळी… कसा उठू मी?”

बुवा उठले, ताडकन. झोळीतला फराळ आपल्या कटोऱ्यात ओतून घेतला. रिकामी झोळी ओट्याखाली झटकली आणि पुन्हा वस्तादांच्या खांद्यावर नीट अडकवली.

“उद्याही माझा गुडघा दुखणार आहे, वस्ताद.”