भिवसेनची जोरदार प्रस्तावना

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. गावाचं नाव विचारू नका, गावाची काही चूक नाही. गिरणीवाला मीच. नाव भिवसेन. चाळिशीत बी.ए.ला बसलो आणि मराठीच्या पेपरात दोनदा आपटलो. ही शेवटची संधी होती.

आम्हाला मराठी शिकवणाऱ्या केळुसकरबाई म्हणाल्या, "अहो भिवसेन, पूर्वग्रहावरच्या कादंबरीवर निबंध लिहायचाय. प्रस्तावना जोरदार हवी."

मी पहाटे उठून पूर्वेला पाहिलं. एक ग्रह दिसला. त्याच्यावर लिहिलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पूर्वग्रह म्हणजे माणूस कळायच्या आधीच त्याच्याबद्दल मत करून बसणं! आणि पहिल्याच वाक्यात वाचकाला धरून ठेवायचं."

"बरं."

शिदूअण्णा दळण घेऊन आले. त्यांना पहिलं वाक्य वाचायला दिलं आणि मनगट घट्ट धरलं. अण्णा ओरडले. ज्वारी सांडली.

"हातानं नाही हो धरायचं!" बाई म्हणाल्या. "विचारात पाडणारा प्रश्न टाका."

अण्णा पुन्हा आले. मी विचारलं, "अण्णा, तुम्ही कशासाठी जगता?"

अण्णा विचारात पडले. मग डबा उचलून दुसऱ्या गिरणीत गेले.

शेवटी बाईंनी हात जोडले. "कादंबरीत घडलं ते सरळ सांगा. आणि सुरुवात सगळ्यात शेवटी लिहा."

हे पटलं. परीक्षेत सुरुवातीचं पान कोरं सोडून निबंध लिहिला. मग प्रस्तावना. पानाच्या सुरुवातीला नाव असतं, म्हणून तेही शेवटी ठेवलं. तेवढ्यात घंटा झाली.

आठवड्यानं परीक्षक वर्गात आले. एक बिननावाचा पेपर वाचू लागले, "गावानं त्या बाईला चेटकीण ठरवलं, तेव्हा तिनं गावात पाऊलही टाकलं नव्हतं." त्यांच्या तोंडून ते असं भारदस्त वाटलं, की माझ्या अंगावर काटा आला.

"कुणाचा हा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भिवसेन, तुमचा नाही ना?"

मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. "थट्टा करता का, बाई?"

"मग तुमचा कुठाय?"

"हरवला असेल. बरंच झालं. वाचून रागावला असतात."

"तेही खरंच," बाई म्हणाल्या. परीक्षकांनी माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं.

घरी येऊन बायकोला ते वाक्य म्हणून दाखवलं. म्हटलं, "कुणीतरी हुशार माणूस आहे."

भागीरथी म्हणाली, "अहो, हे तर परीक्षेहून आल्यापासून तुम्हीच बडबडताय!"

मला तिची कीव आली.

"भागीरथी," मी म्हणालो, "इतकी वर्षं संसार केलास, पण अजून मला ओळखलं नाहीस."