बोचकं आणि बारा डबे

नेटक्या घराच्या स्पर्धेत अनसूयाबाईंचं घर आरशासारखं लखलखत होतं. पण तपासणीला आलेल्या पंचायत समितीच्या सभापतींना खाटेखाली जुन्या लुगड्यांचं बोचकं दिसलं. बाईंनी ती दोन वर्षं जपून जमवलेली.

"ही अडगळ आधी फेका, तरच पहिला नंबर!" सभापती गरजले.

"बक्षीस काय हो, साहेब?"

"प्लास्टिकचे बारा डबे!" त्यांनी छाती फुगवली.

"त्यात भरू काय?"

"घरातला पसारा!"

"तो तर तुम्ही फेकायला लावताय! थंडीपर्यंत या बोचक्याची गोधडी होईल, साहेब. रिकाम्या डब्यांची मात्र अडगळच होणार."

जमलेल्या बाया खो खो हसल्या. सभापतींनी बाईंच्या नावापुढे पहिला नंबर लिहिला.

दिवाळीआधी त्यांच्या घरून अनसूयाबाईंकडे एक बोचकं आलं. सोबत निरोप होता, "आमचीही गोधडी शिवून द्या."