ऐली, पैली आणि हेमचंचू

एका राज्यात लोक न्याहारीच्या आधी वार्ता ऐकत असत, आणि ती वार्ता दोन साळुंक्या सांगत असत. एकीचे नाव ऐली, दुसरीचे पैली. राज्याच्या कडेने क्षीरा नदी वाहत होती. अलीकडे राजा भद्रसेन राज्य करी. पलीकडे दुसऱ्याचे राज्य होते. ऐलीने रात्र ऐलतीरी काढावी, पैलीने पैलतीरी, आणि उजाडताच दोघींनी राजवाड्यासमोरच्या पिंपळाच्या पारावर येऊन बसावे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होता.

राजाला दोन कन्या होत्या. थोरली कुमुद्वती, धाकटी वसुमती. वसुमती त्या पाराच्या सावलीतच वाढली. ताई तिला मांडीवर घेऊन बसे, आणि दोघी इतरांबरोबर ऐकत.

ऐली सांगे, "काल पैलतीरची गुरे आपल्या उसात शिरली. निम्मा मळा आडवा झाला."

पुरुषांच्या मुठी वळत. कोणी म्हणे, "त्यांना गुरे राखता येत नाहीत, राज्य कसले राखतात?"

तोच पैली मान वाकडी करून सांगे, "शिरली खरी. पण त्यांच्या गोठ्याचे कुंपण आपल्याच वरातीतल्या हत्तीने मोडले होते. नवरदेवाचा फेटा अजून त्या काट्यांत आहे. हवा असल्यास न्यावा, असा त्यांचा निरोप आहे."

मग सगळा पार हसत सुटे. वळलेल्या मुठी आपोआप सुटत.

नियम एकच होता. दोघींचे बोलणे संपल्यावाचून कोणी उठायचे नाही. चुळबुळ करणाऱ्याला म्हातारी माणसे विचारीत, "अर्ध्या पानावरून उठतोस? घरी आईने हेच वळण लावले काय?" राजालाही हा नियम सुटला नव्हता. वार्ता लांबे, ऊन पारावर चढे, घरी भाकरी गार होऊन जाई. तरीही वसुमतीला त्या गार भाकरीइतके रुचकर पुढे आयुष्यात काही लागले नाही. त्या दिवसांत जग हळू चालत होते, पण सबंध चालत होते.

कुमुद्वतीचे लग्न पैलतीरच्या राजाशी झाले. ती नावेत बसली तेव्हा ऐलतीर रडले, आणि पैलतीराने नगारे वाजवले.

पुढे एका वर्षी राजाला शिकारीची घाई झाली. ऐलीचे बोलणे संपले, पैलीने चोच उघडली, आणि राजा उठून उभा राहिला.

"पुरे. सार कळले," तो म्हणाला.

राजा उठला तसे प्रधान उठले. प्रधान उठले तसे सगळेच उठले. पैली उघड्या चोचीने बसून राहिली. करालक नावाचा मांत्रिक पिंपळाच्या मुळांत कित्येक वर्षे याच क्षणाची वाट पाहत बसला होता. तो बाहेर आला. त्याच्या हातात सोन्याचा पिंजरा होता, आणि पिंजऱ्यात सोनेरी चोचीचा पोपट.

"महाराज, हा हेमचंचू," करालक म्हणाला. "दूध उतू जायच्या आत याची वार्ता संपते."

"खोटे सांगत असेल तर?" राजाने विचारले.

"एक अक्षरही खोटे सांगितले, तर माझे मस्तक उडवावे."

करालकाने शब्द पाळला. हेमचंचू कधीही खोटे बोलला नाही. गुरे उसात शिरली, असे त्याने सांगितले, आणि ती शिरलीच होती. पैलतीरी भावाने भावाला मारले, असे सांगितले, आणि मारलेच होते. त्याच दिवशी तिकडच्या घराघरांत भाऊ एका ताटात जेवले, हे मात्र त्याने सांगितले नाही. ऐकणाऱ्याचे दात रागाने आवळले गेले की हेमचंचूच्या चोचीतून एक माणिक टपकन खाली पडे. ज्या वार्तेने दात आवळले जात नसत, तिच्यातून माणिक पडत नसे. म्हणून तशा वार्ता तो सांगत नसे. खोटे बोलणाऱ्याला कधीतरी पकडता येते. खरे तेवढेच निवडून सांगणाऱ्याला कोणत्या न्यायासनापुढे उभे करावे, हे त्या राज्यातील शास्त्र्यांनाही ठाऊक नव्हते.

राजाचा खजिना माणकांनी भरू लागला. साळुंक्यांनी वार्ता सांगणे सोडले. पैली पलीकडे गेली ती परतली नाही, आणि ऐली नदीतल्या बेटावर जाऊन बसली.

मग ऐलतीरच्या लोकांचे डोळे कानांप्रमाणे वागू लागले. बाजाराला येणाऱ्या पैलतीरच्या माणसांचे सुळे प्रथम लांब दिसू लागले. नंतर कान टोकदार झाले. काही वर्षांत पैलतीरी फक्त लांडगे राहतात, याविषयी ऐलतीरी कोणाचेही दुमत उरले नाही. बाजार बंद झाला.

अशातच नागपंचमीच्या सकाळी एक नाव ऐलतीरच्या घाटाला लागली. वसुमती घाटावर होती. नावेतून हिरवे लुगडे नेसलेली एक लांडगी उतरली. तिच्या हातात ओटीचा नारळ होता आणि तो फोडायला कोयता.

"वसू," लांडगी म्हणाली, "पुरणाच्या दिंडांची आठवण आली गं. आई असती तर तिनेच बोलावणे धाडले असते."

आवाज ताईचा होता. वसुमतीने तो ओळखला, आणि तरीही ती मागे सरली. सैनिकांनी धनुष्ये ताणली. लांडगीने नारळ पायरीवर ठेवला, लेकीकडे एकदा वळून पाहावे तसे वसुमतीकडे पाहिले आणि ती आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी हेमचंचूने सांगितले, "पैलतीरची नाव आपल्या घाटाला लागली. नावेत कोयता होता." हेही अक्षरशः खरे होते.

"आबा, ती ताई होती," वसुमती राजाला म्हणाली.

"माझ्या लेकीचे तोंड असे नव्हते," राजा म्हणाला. "पूर ओसरला की विजयादशमीला सीमोल्लंघन. क्षीरेपलीकडे कोणी उरता कामा नये."

वसुमतीला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. ताईचे तोंड आठवू जावे तर लांडगीचेच आठवे. विजयादशमीला ताई मारली जाईल, आणि मारली गेली ती ताईच होती हे आपल्यालाही दिसणार नाही, या विचाराने तिच्या अंगावर काटा येई. आश्विनात नदी उतरली. तशी ती एकटीच होडी वल्हवत बेटावर गेली. ऐली बाभळीवर बसली होती. तिची पिसे विटली होती.

"ऐली, शाप कसा सुटेल?"

"शाप करालकाचा, पण दार तुझ्या वडिलांनी उघडले," ऐली म्हणाली. "तीन कामे आहेत. एक, ज्यांची भीती वाटते त्यांच्या पंगतीत बसून पूर्ण पान जेव. दोन, हेमचंचूने कधीही न सांगितलेली एक चांगली वार्ता तिथून आण. तीन, आपल्या पारावर उभी राहून आपल्याच तीराचे एक पाप आपल्याच लोकांना सांग."

"तिसरे सोपे वाटते."

"तिसरे सांगताना तुझे तोंड बदलेल. मध्येच थांबलीस तर ते तसेच राहील."

वसुमती पैलतीरी उतरली तो अष्टमीचा दिवस होता. ताईच्या वाड्याचे दरवाजे युद्धाच्या भीतीने बंद होते. वाटेवरच्या लांडग्यांनी तिला पाहताच आरोळी दिली, "तरस आले! ऐलतीरचे तरस!"

तेव्हा वसुमतीला उमगले की करालकाने पलीकडेही एक पिंजरा दिला होता.

ती कोष्ट्यांच्या आळीत शिरली. एका दारात पांढऱ्या केसांची लांडगी रांगोळी घालत होती. तिचे नाव यमाक्का. तिने मान वर करून पाहिले, आणि रांगोळीची रेघ न मोडता विचारले, "लग्न झाले आहे तुझे?"

"नाही."

"मग आत ये. आज अष्टमी. आमच्याकडे कुमारिका जेवायची राहिली आहे. आळीतल्या साऱ्या पोरी भीतीने मामाकडे धाडल्या आहेत. देवीला उपाशी ठेवू काय?"

"पण मी तुम्हांला तरस दिसते ना?"

"दिसतेस. अगदी ओंगळ दिसतेस. पण कुळाचारात तरसाला वाढू नये असे कुठे सांगितलेले नाही. पाय धू."

यमाक्काचा नातू खांबाआडून म्हणाला, "आजी, तरस पुरणपोळी खाते?"

"खाते. तोंड भरलेले असले की चावत नाही."

वसुमती पाटावर बसली. समोर, बाजूला सगळे लांडगे. तिने पानाकडेच पाहत पहिला घास घेतला. तिने दुसरा घास घेतला, तेव्हा यमाक्काचे डोळे माणसाचे झाले. वरणभात संपला तेव्हा नाक दिसू लागले, आणि नाकात मोत्याची झिजलेली नथ. शेवटच्या घासाला पंगतीत एकही लांडगा उरला नाही. हातमागावर बसून बसून पाठी वाकलेली ती साधी माणसे होती.

"अगंबाई," यमाक्का म्हणाली, "तुझ्या कानांवरचे केस गेले. बरी दिसतेस. जराशी रोड आहेस."

जेवण झाल्यावर यमाक्काने दिवा आणि तेलाची बुधली उचलली. वसुमतीने विचारले, "कुठे निघालात?"

"घाटावर. आज आमच्या घराची पाळी आहे. तुमच्या नावांना खडक दिसावा म्हणून आम्ही दिवा लावतो. सासूबाई लावत, त्यांच्या सासूबाई लावत."

"अजूनही? तरसांसाठी?"

"नाव फुटली तर तरसही बुडतोच ना, पोरी."

यमाक्का दिवा घेऊन पुढे चालली. वसुमती मागून चालली. घाटाजवळची शेते वाळूखाली गेली होती. तिने कारण विचारले नाही, कारण ते तिला माहीत होते. पूर चढला तेव्हा फावडी घेतलेल्या ऐलतीरच्या नावा पलीकडे जाताना तिने सज्जातून पाहिल्या होत्या. आपली शेते वाचावीत म्हणून राजाज्ञेने पैलतीरचा बांध फोडला होता. तेव्हा तिच्या मनात इतकेच आले होते की, बांध लांडग्यांचा आहे.

विजयादशमीला सैन्य पिंपळासमोर उभे राहिले. हेमचंचू म्हणाला, "पैलतीरी भाल्यांना धार लावली जात आहे." तेही खरे होते. दात आवळले गेले. माणके गारांसारखी पडली.

होडीने परतलेली वसुमती पारावर चढली. तिने प्रथम घाटावरच्या दिव्याची वार्ता सांगितली.

"दिव्याने काय पोट भरते?" सेनापती म्हणाला. काही लोक हसले. एकही माणिक पडले नाही. हेमचंचूने पिसे फुलवली.

मग वसुमती म्हणाली, "पुरात त्यांचा बांध फुटला नाही. आपण फोडला."

बोलताबोलता तिच्या गालांवर राठ केस उगवले. जबडा पुढे आला. शब्द सुळ्यांतून घरंगळू लागले, तरी ती थांबली नाही. कोणत्या नावा गेल्या, कोणते गाव वाहून गेले, सज्जातून पाहताना आपल्या मनात काय आले, हे सारे तिने सांगितले.

"ही लांडगी आहे," गर्दीतून कोणी म्हणाले. "राजकन्येचे कपडे घालून आली आहे."

पहिल्या रांगेतल्या तिरंदाजाने बाण लावला. राजा भद्रसेन सिंहासनावरून उठला. तो उठला की सगळे उठणार, आणि नदी ओलांडणार, हे वसुमतीने जाणले.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही अर्ध्या पानावरून उठता आहात."

राजा थबकला. कित्येक वर्षांत हे शब्द त्याला कोणी ऐकवले नव्हते. त्याची आई त्याला असे म्हणत असे. ती माजघरात उभी राही आणि तो पाटावर चुळबुळ करी. त्याने लांडगीच्या तोंडाकडे पाहिले. फार वेळ पाहिले. मग तो खाली बसला.

"पुढे सांग," तो म्हणाला.

तिने उरलेले सांगितले. तिरंदाजाने बाण खाली केला, कारण फावडे घेऊन गेलेल्यांत तोही होता. कोणाचेही दात आवळले गेले नाहीत. माना मात्र खाली गेल्या. लाजेचे माणिक होत नसते. खजिन्याच्या दाराखालून तांबडे पाणी वाहत आले. एका शिपायाने बोट बुडवून चाखले. ते खारट होते. हेमचंचूची सोनेरी चोच गळून पडली. आत साधा हिरवा राघू होता. त्याने पेरू मागितला. वसुमतीने चेहऱ्यावरून हात फिरवला. तिचाच चेहरा होता.

सीमोल्लंघन त्याच दिवशी झाले. सैन्य फावडी घेऊन क्षीरेपलीकडे उतरले. राजा सर्वांच्या पुढे होता. पैलतीरच्या लोकांना मात्र अजून तरसांची झुंडच दिसत होती, आणि त्यांचे भाले खरोखरच धारदार होते. भाल्यांच्या ओळीमागून कुमुद्वती पुढे आली. समोर एक तरस उभे होते, चिखलात पाय रोवून.

"ताई," तरस म्हणाले.

कुमुद्वतीने भाला बाजूला सारला, आणि ते राठ, ओंगळ तोंड दोन्ही हातांत धरले.

"इतकी वाळलीस गं," ती म्हणाली. "मला तू दिसत नाहीस वसू, तरी मी तुला धरून आहे. बोलत राहा. दिसशील."

राजा भद्रसेन पैलतीरच्या पारासमोर जमिनीवर बसला, आणि फुटलेल्या बांधाची सगळी कैफियत त्याने ऊन डोक्यावर येईपर्यंत ऐकली. ती संपली तेव्हा पैलीला कंठ फुटला. कुमुद्वतीच्या हातांत तेव्हा बहिणीचा चेहरा होता. दोघींच्याही केसांत एक-एक रुपेरी बट होती. मधल्या वर्षांत ती केव्हा आली, हे दोघींनीही पाहिले नव्हते.

करालक कोणाला सापडला नाही. बांध मात्र कार्तिकात उभा राहिला, आणि दोन्ही साळुंक्या पुन्हा बोलू लागल्या. वार्ता पूर्वीसारखीच लांबते, अशी तरुण मंडळींची तक्रार असते. ते कुरकुरतात, पण उठत नाहीत. क्षीरेची दोन्ही तीरे जशी नांदली, तशी ऐकणाऱ्यांची घरे नांदोत.