तीन दिवस तोंड बंद

“रिठे कुटून भिजवायचे, ते फेसाळ पाणी खाचरात ओतायचं आणि तीन दिवस तोंड बंद ठेवायचं. मग गोगलगायी...”

पाणवठ्यावर धाकटी जाऊ कुणाला तरी सांगत होती. पुढचं घागरींच्या आवाजात बुडालं. कुंपणाआड शेण गोळा करायच्या निमित्तानं वाकलेल्या थोरलीनं ऐकलं ते एवढंच.

गोष्ट आहे बरं का फार जुनी. तेव्हा राज्य कुणाचं होतं तेही आता कुणाला आठवत नाही. दोघी जावांची भाताची खाचरं एकाच बांधाला लागून. त्या साली लावणी झाली आणि गोगलगायींनी कोवळी रोपं बुडापासून खायला सुरुवात केली. थोरलीचं निम्मं खाचर बोडकं झालं. उरलेलं गेलं तर वर्षभर घरात भात शिजणार नव्हता. धाकटीचं मात्र हिरवंगार. ते हिरवं बघितलं की थोरलीला घास गिळवेना.

जाऊन विचारायचं? छे! धाकटीला विचारण्यापेक्षा उपाशी राहीन, असं ती घरात बोलून मोकळी झाली.

तिनं गुपचूप पाटीभर रिठे कुटले, पाणी ओतलं आणि मौन धरलं. नवऱ्याला पहिल्या दिवशी वाटलं, देव पावला. दुसऱ्या दिवशी मात्र तो वैद्याला बोलवायच्या गोष्टी करू लागला.

त्याच दुपारी धाकटी बांधावरून ओरडली, “जाऊबाई, तोंड उघडं आहे हो तुमचं! आधी बंद करा!”

दोन दिवस ओठ शिवून बसलेली बाई ती. मुद्दाम खिजवते मेली, असं तिच्या मनात आलं. तोंडावर पदर दाबून तिनं पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाचराखालच्या तळीत तिनं पाळलेले मासे पोटं वर करून तरंगत होते. गोगलगायी रोपांवर मजेत बसल्या होत्या.

“खोटं सांगितलंस गं मला,” थोरली धाकटीच्या दारात जाऊन म्हणाली.

“तुम्हाला मी कधी सांगितलं, जाऊबाई?”

थोरलीची मान खाली गेली. धाकटीनं तिला हाताला धरून बांधापाशी नेलं आणि पाणी बाहेर पडायची फट दाखवली. “तोंड म्हणजे हे, खाचराचं. उघडं राहिलं, की औषध वाहून जातं आणि खाली मासे मारतं. आणि रिठ्यानं मरतात त्या बारक्याच. मोठ्या मी रोज पहाटे हातानं वेचते. कंबर धरलीय बघा माझी.”

म्हणजे पाणवठ्यावरची गोष्ट खरी होती, पण सगळी नाही.

धाकटीनं आपली लावणीतून उरलेली रोपं तिला दिली. त्यांतून थोरलीला निम्मं पीक आलं. मासे मात्र गेले ते गेलेच.

म्हणून म्हणते, हेव्यानं चोरून ऐकावं त्यापेक्षा मान खाली घालून विचारावं. त्यात नुकसान कमी असतं.