अडून बसलेला रंधा

हत्यारं आपापसांत बोलत, त्या काळातली ही गोष्ट. कचेरीतून चिडून आलेल्या मंदाकिनीबाई गॅलरीत पाट घडवायला बसल्या. त्यांनी रंधा जोरात रेटला आणि फळीचे रेशे उपटून निघाले.

"आज जमलं नाही, तर ही फळी बंबात!" बाई म्हणाल्या.

फळी घाबरली. "अरे दांडगोबा, रेषांच्या उलटा चालतोयस! मला फिरवायला सांग की त्यांना."

"माझं कोण ऐकतंय? पण आता उलटा मुळीच चालणार नाही," असं म्हणून रंधा अडून बसला.

बाईंनी ढकललं, तरी तो हलेना. शेवटी त्यांनी दम घेतला, फळीवरून हळूच बोट फिरवलं. रेषांचा कल हाताला लागला, तशी त्यांनी फळी उलट बाजूने धरली. रंधा सुळकन सरकला. कागदासारखी पातळ ढलपी उलगडत आली.

"बाई गुणगुणताहेत," फळी कुजबुजली.

"मग गप की," रंधा म्हणाला, "ऐकू दे."