काचेमागचे ओठ

"म्हणजे ती मरावी अशी माझी इच्छा होती, असं म्हणायचंय तुम्हाला?"

श्रीरंग पालव ओरडले.

मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"ओरडू नकोस," मास्तर म्हणाले. "ओरडलास की ओठ फाकतात. मग मला वाचता येत नाही."

मास्तर म्हणजे तातोबा शिरगुप्पे. कोल्हापुरात चाळीस वर्षं त्यांनी चित्रपटांचं संकलन केलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. त्यानंतरही त्यांचं फारसं अडलं नाही. त्यांच्या टेबलावर येणारं चित्र मुकंच असायचं, आवाज वेगळा यायचा आणि तोही उशिरा. कोण काय बोलतंय हे ते पहिल्यापासून ओठांवरूनच ओळखत.

पालव त्यांचे शिष्य. सतराव्या वर्षी देवगडहून आले, तेव्हा मास्तरांच्या खोलीत फिल्मचे कापलेले तुकडे वेचायचं काम त्यांना मिळालं. आता पंधरा रहस्यपट त्यांच्या नावावर होते. एका चित्रपटात त्यांनी रिकामा झोपाळा हलता ठेवला, तर लोकांनी घरातले झोपाळे उतरवून माळ्यावर टाकले. दुसऱ्या एकात दुधातून विष दिलं, तर बायका महिनाभर गवळ्यालाच आधी घोटभर प्यायला लावत होत्या. पोस्टरवर नायकापेक्षा पालवांचं नाव मोठं असे. सेटवर सगळे त्यांना दादा म्हणत.

आज ते मागायला आले होते. एक पत्र.

सोळाव्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग राहिला होता आणि नायिका काम सोडून मिरजेला निघून गेली होती. तिचं नाव शालन. तिला पहिलं काम मास्तरांनीच मिळवून दिलं होतं. त्यांचा शब्द ती मोडणार नाही, हे पालवांना माहीत होतं.

"पोहणारे किती होते, एवढंच मी विचारलं," मास्तर म्हणाले.

"दोन. पट्टीचे. मी काही कसाई नाही."

"आणि गाडीच्या दाराचं आतलं हँडल?"

"ते मी काढायला लावलं. काच खाली करायचंही."

"शालनला काय सांगितलं होतंस?"

"गाडी क्रेननं खाणीच्या पाण्यात सोडणार. पाणी छातीपर्यंत आलं की दार उघडून बाहेर ये."

"आणि हँडल काढलंय, हे?"

"ते सांगितलं असतं तर ती घाबरली असती का?" पालव हसले. "तुम्हीच शिकवलंत, मास्तर. प्रेक्षकाला माहीत असावं, पात्राला माहीत नसावं. मग लोक खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम होतात. मी त्यावर पंधरा चित्रपट काढले."

"पात्राला..." मास्तर म्हणाले.



मास्तरांची सून वत्सला चहा घेऊन आली.

"पालवसाहेब, तुमच्यापायी सासूबाईंनी झोपाळा उतरवला," ती म्हणाली. "दुपारी पडायला जागा नाही राहिली मला."

"मग सिनेमा जमला म्हणायचा," पालव म्हणाले.

"जमला हो. पण पुढचा जरा पाटावरवंट्यावर काढा. तेवढाच घरातनं जाऊ दे."

ती हसत आत गेली. पालवांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"तुम्ही आधी हे बघा. मग मला काय बोलायचं ते बोला."

मास्तरांच्या टेबलावर अजून जुना व्ह्यूअर होता. दोन बाजूंना दोन चकत्या, त्या दांड्यानं फिरवायच्या, आणि मधे वहीच्या पानाएवढी उजळलेली काच. मास्तरांनी रीळ चढवलं आणि दांडा फिरवला.

काचेत एक गाडी होती. गाडीच्या काचेमागं शालनचा चेहरा. पाणी तिच्या कमरेपासून वर चढत होतं. तिनं दाराकडे हात नेला. हात चाचपडला... पुन्हा चाचपडला. मग तिनं मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं. पाणी छातीवर आलं, तोवर ती काचेवर मुठी मारत होती. मग ते हनुवटीला लागलं.

रीळ संपलं.

"सुंदर," मास्तर म्हणाले.

पालव खुर्चीत मागं रेलले.

"चाळीस सेकंद. मधे एकही काप नाही. असा शॉट या गावात कुणी घेतलेला नाही, मास्तर. आणि ती बया काय म्हणते? परत माझ्या सेटवर पाय ठेवणार नाही! पाठवलेली फुलं तिनं मॅनेजरच्या अंगावर फेकली. अरे, या चाळीस सेकंदांसाठी लोक तिचं नाव जन्मभर काढतील. मी तिला काय दिलंय, हे तिला कळत नाही."

"काय बोलतेय ती?"

"कुठं?"

"गाडीत."

"बोलत नाही, किंचाळतेय. आवाज नंतर भरायचाय. पुण्याची एक मुलगी बघून ठेवलीय. हिच्यापेक्षा तिची किंकाळी चांगली आहे."

मास्तरांनी कप सरकवला. एवढ्या जोरात की चहा बशीत सांडला.

"इकडं ये," ते म्हणाले. "स्टुलावर बस."

"कशाला?"

"बस."

पालव बसले. मास्तरांनी रीळ उलटं फिरवून पुन्हा सुरुवातीला आणलं.

"तिच्याबरोबर ओठ हलव."

पालवांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नव्या पोराला मास्तर पहिल्या वर्षी हेच करायला लावत. मुक्या चित्राबरोबर ओठ हलवायचे, म्हणजे शब्द कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते समजतं.

"मी सतरा वर्षांचा नाही आता," पालव म्हणाले.

"तेव्हा तुला येत होतं."

"मास्तर, मी पत्रासाठी आलोय. मला संध्याकाळी मुंबई गाठायचीय. हे असले..."

"ओठ हलव!"

मास्तरांचा आवाज चिरका निघाला. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो किती मोठा लागला हे त्यांना कळलं नाही. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

पालव काचेकडे वळले.  चेष्टा केल्यासारखं त्यांनी तोंड मोठं उघडलं.

मास्तर दांडा अगदी हळू फिरवू लागले.

शालनचे ओठ मिटले, उघडले. पालवांचे ओठही मिटले, उघडले.

"आवाज काढून," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला ऐकू येत नाही."

"माझ्यासाठी नाही."

पालवांनी दात खाल्ले. मग आवाज काढला.

"दा... दा..."

मास्तर दांडा फिरवत होते.

"दादा... हँ... हँडल... नाही."

"पुढं."

"हे संवादात नाही, मास्तर. असं काही लिहिलेलंच..."

"पुढं."

"दादा, हँडल नाही... दादा..."

काचेतल्या काचेत पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं. ती आता मुठी मारत नव्हती. ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती, लहान मुलाला समजावून सांगावं तसं.

"मी..." पालव म्हणाले. "मी... शा..."

ते थांबले.

मास्तरांनी दांडा दोन बोटं मागं घेतला आणि पुन्हा पुढं.

"मी शालन," पालव म्हणाले. "दादा, मी शालन आहे."

खोलीत त्यांचा स्वतःचा आवाज राहिला.

...

"पात्राचं नाव काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"रेवती."

पालव ताडकन उठले. स्टूल कलंडलं.

"पंप चालू होते!" ते ओरडले. "पाण्याचे दोन-दोन पंप! शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नव्हतं. मला काय माहीत ती काय बोलतेय? मला ऐकू येत नव्हतं!"

"मलाही येत नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही इथं बसून बोलताय! पन्नास माणसं होती माझ्या मागं. क्रेन होती. ऊन उतरत होतं. कुठं कुठं बघायचं एका माणसानं?"

"पोहणारे कुणाकडे बघत होते?"

"माझ्याकडे. मी हात खाली केला की उडी मारायची, असं ठरलं होतं."

"कॅमेरावाला?"

"तो फोकसचं बघत होता."

"आणि तू?"

पालवांनी तोंड फिरवलं.

"तोंड इकडं कर. तू कुठं बघत होतास?"

"...घड्याळाकडे."

"का?"

"चाळीस व्हायला हवे होते."

"किती झाले होते, जेव्हा ती म्हणाली, मी शालन आहे?"

पालवांनी काचेकडे बघितलं. चौकटी मोजायची त्यांची सवय होती. एका नजरेत त्यांना उत्तर समजलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. 

त्यांनी एकदम हात घातला आणि व्ह्यूअरमधून फिल्म ओढली. हातभर फिल्म बाहेर आली, वेटोळं होऊन टेबलावर पडली. ती फाडायला त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या.

मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं. म्हातारा हात, पण चाळीस वर्षं कात्री चालवलेला.

"सोड."

"जाळून टाकतो. मला नको हा शॉट."

"आता नको? मघाशी या गावातला पहिला होता."

"मास्तर, सोडा मला..."

"तिथं ही फिल्म एवढीच तिच्याकडे बघत होती," मास्तर म्हणाले. "ती फाडतोस?"

पालवांच्या मुठी उघडल्या.

मास्तरांनी फिल्म उचलली, धोतराच्या सोग्यानं बोटांचे डाग पुसले, आणि सावकाश पुन्हा गुंडाळू लागले. दांड्याचा कुरकुर आवाज खोलीत येत राहिला. पालव भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग ते भिंतीला काहीतरी म्हणाले.

"तिकडं बोललास," मास्तर म्हणाले. "मला दिसलं नाही."

पालव वळले. पण ते शब्द त्यांनी पुन्हा उच्चारले नाहीत.

"पत्र द्या," ते म्हणाले.

मास्तरांनी टेबलाच्या खणातून कागद काढला. पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या आणि घडी न घालता पुढं केला.

पालवांनी वाचलं. गल्लीचं नाव होतं, पिठाच्या गिरणीची खूण होती, मिरज होतं.

"हे पत्र नाही."

"पत्ता आहे. तुला ठाऊक होता?"

"मॅनेजरला ठाऊक आहे."

"मॅनेजरनं हँडल काढायला लावलं?"



"तुम्ही एक ओळ लिहिलीत तर ती येईल, मास्तर. एकच ओळ. ती आली नाही तर चित्रपट अर्धवट राहील. सोळा चित्रपटांत पहिल्यांदा."

"राहू दे."

"तुम्हाला काही वाटत नाही?" पालवांचा आवाज पुन्हा चढला. "तुमच्या हाताखाली वाढलो मी. पंधरा वेळा श्रेयनामावलीत तुमचं नाव सगळ्यात वर घातलं!"

"काढ ते."

"मास्तर..."

"पंधराही ठिकाणचं काढ. मी काच पुसायला शिकवलं होतं. काचेमागं माणूस असतं, हे मी तुला शिकवलं नाही. ते न सांगता कळतं, असं मला वाटत होतं. चुकलं माझं."

मास्तरांचे ओठ थरथरत होते. एवढ्या वर्षांत पालवांनी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, पण असं नाही. हा राग ओरडणाऱ्याचा नव्हता.

पालवांनी कागद खिशात घातला. रिळाचा डबा तिथंच ठेवला. दारात चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकीच्या चपलेत गेला.

मग ते परत आत आले. मास्तरांच्या समोर येऊन उभे राहिले, उजेडात, तोंड नीट दिसेल असे.

"मी एकटाच जाईन," ते म्हणाले. "पण तिनं दारच उघडलं नाही तर?"

मास्तरांनी व्ह्यूअरचा दिवा मालवला.

"कडी एकदाच वाजव," ते म्हणाले. "मग उभा राहा."