पारवीने दिलेला शब्द

फार वर्षांपूर्वी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यात, मोठ्या घंटेशेजारी, एक पारवी राहायची. खाली बाया आपली तान्ही लेकरं वेदीपुढे आणून "प्रभू, हे तुझंच आहे" म्हणत, ते तिला फार आवडे. म्हणून तिची दोन पिल्लं अंड्यातून बाहेर आली, तेव्हा तिनेही पंख मिटून तेच म्हटलं.

पुढे पिल्लं मोठी झाली आणि एका सकाळी दोन्ही नदीपलीकडे उडून गेली. पारवी घंटेवर तणतणली, "एक रविवार चुकवला नाही मी. चोचीतला घास काढून यांना वाढवलं, आणि देवानं माझंच घरटं रिकामं केलं. हाच का त्याचा न्याय?"

"बाई, तूच दिलीस ना ती त्याला?" घंटा म्हणाली. "माझ्यादेखत दिलीस."

"तसं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं," पारवी फणकारली. "तो खरं धरून बसेल, हे मला काय ठाऊक?"

तेवढ्यात खाली एक आई बाळाला छातीशी घट्ट धरून वेदीकडे निघाली. पारवी कठड्यावरून वाकून ओरडली, "बाई, जरा विचार करून बोल. तो ऐकतो."